आई हॉस्पिटलात मावशी म्हणून लागतेय, कोरोनाचा धोका खरंच फक्त आयसीयूवाल्यांनाच असतो का?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. आईला एका खासगी हॉस्पिटलमध्ये काम मिळालंय, कंत्राटदाराकडून, मावशीचं काम. कॅज्युअल्टी (तातडीचे पेशंट येतात तो विभाग) आणि त्याच मजल्यावरचा जनरल वॉर्ड, फरशी पुसणं, बेडपॅन, चादरी बदलणं, कचऱ्याच्या पिशव्या उचलणं, असं सगळं. वय ५२, शुगर आहे सात-आठ वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत. घरात पगाराची गरज आहे त्यामुळे "जाऊ देऊ नकोस" हा सल्ला कृपया देऊ नका, तो आम्ही स्वतःला देऊन झालाय.

भीती का वाटते ते सांगतो. माझा सख्खा मामा दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय होता, तोही कंत्राटीच. सप्टेंबर २०२० मध्ये कामावरूनच ताप घेऊन आला आणि अकराव्या दिवशी गेला. नंतर मामी कागद घेऊन फिरत राहिली तर हॉस्पिटलने सांगितलं की तो कोविड वॉर्डात नव्हताच, ट्रॉली ढकलायला होता, आणि कंत्राटदार म्हणाला आमच्याकडे तो कुठे कामाला होता याची नोंद नाही. काहीच मिळालं नाही.

आता आईच्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं की एन९५ फक्त आयसीयू आणि डॉक्टर लोकांना, तुम्हाला निळा साधा मास्क, तुम्ही पेशंटला हात कुठे लावता. हे बरोबर आहे का? झाडलोट करणाऱ्याला खरंच कमी धोका असतो? मला वाटत होतं आयसीयू सगळ्यात वाईट. आणि उद्या काही झालंच तर आत्तापासून काय जपून ठेवावं, हेही कोणी सांगा. मामाच्या वेळी आम्हाला काहीच कळत नव्हतं.

रात्रपाळी

दादा, मी स्टाफ नर्स आहे, १६ वर्षं झाली, मुंबईत. मे २०२० पासून कोविड ड्युटी केली, आधी आयसीयू मग जनरल वॉर्ड मग परत आयसीयू. तुमच्या मामांचं वाचून वाईट वाटलं, आमच्याकडचे एक मामा (वॉर्डबॉयना आम्ही मामाच म्हणतो) असेच गेले, ट्रॉलीवरचेच.

तुमचा सुपरवायझर बोलतोय ते चुकीचं आहे. आयसीयूत आम्ही पूर्ण किटमध्ये असायचो, सहा-सहा तास, पाणी नाही, बाथरूम नाही, डायपर लावून ड्युटी केलीय, चष्म्यावर वाफ जमून सुई लावायला शीर दिसायची नाही. पण तिथे प्रत्येकाला माहीत होतं की समोरचा पेशंट पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे कोणी मास्क खाली करत नव्हतं. याउलट कॅज्युअल्टीत माणूस येतो पोटात दुखतंय म्हणून, फ्रॅक्चर म्हणून, चक्कर आली म्हणून, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तोवर त्याला मावशींनी बेडपॅन दिलेलं असतं, मामांनी एक्स-रेला नेलेलं असतं, लिफ्टमध्ये तोंडासमोर तोंड करून उभे राहिलेले असतात. आणि "पेशंटला हात लावत नाही" म्हणजे काय? अंगाखालची चादर कोण ओढून काढतं, उलटी कोण पुसतं, म्हातारीला कुशीवर कोण वळवतं? सिस्टर औषध देऊन पाच मिनिटांत पुढच्या बेडला जाते पण मावशी त्या खाटेपाशी वीस मिनिटं असते हो.

आणि एक गोष्ट, आमच्या बॅचला पहिल्या दोन महिन्यांत ज्या मुली पॉझिटिव्ह आल्या त्यातल्या बहुतेकींचं आम्ही मागे जाऊन बघितलं तर पेशंटपासून नाही, चेंजिंग रूम आणि जेवणाच्या खोलीपासून. दहा बाय दहाची खोली, खिडकी बंद, आठ जणी मास्क काढून एकमेकींच्या डब्यात भाजी वाढतायत, दमून आलेल्या असायचो, तेवढाच काय तो हसायचा-बोलायचा वेळ. तिथेच लागण व्हायची. दुसरी जागा म्हणजे किट उतरवताना. घालताना कोणी चुकत नाही, काढताना घाई असते, घाम आलेला असतो, मास्क आधी ओढला की झालं. आधी ग्लोव्हज-गाऊन, मग हात धुणं, खोलीबाहेर आल्यावर मास्क, तोही मागच्या इलॅस्टिकला धरून, पुढच्या भागाला हात न लावता, आणि परत हात.

आईंना एवढं नक्की सांगा की डबा खिडकीपाशी किंवा बाहेर जिन्याजवळ खायचा, एकट्यानं खायला वाईट वाटतं पण खायचा. नेब्युलायझर (वाफेतून औषध) किंवा सक्शन (नळीने कफ ओढणं) चालू असेल त्या खाटेपाशी तेव्हा पुसायला जायचं नाही, संपल्यावर जायचं, सिस्टरला सरळ सांगायचं "नेब्युलायझेशन झालं की येते", कोणती सिस्टर नाही म्हणणार नाही. कोरडा झाडू वॉर्डात वापरायचा नाही, ओलं पुसणंच. आणि हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट ते कधीही संडासच्या ॲसिडबरोबर मिसळायचं नाही, त्याचा गॅस होतो, आमच्याकडे एक मावशी त्यानं बेशुद्ध पडली होती.

पीएसएम_रेसिडेंट

वरच्या ताईंनी सांगितलंय ते अनुभवातून आलंय पण त्याला आकडेही आहेत, म्हणून लिहितो. मी कम्युनिटी मेडिसिनला आहे.

अगदी सुरुवातीचं वुहानचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या १३८ पेशंटपैकी ४० जण हॉस्पिटलचेच कर्मचारी होते. त्या ४० पैकी ३१ जनरल वॉर्डात काम करणारे, ७ इमर्जन्सीतले, आणि आयसीयूमधले फक्त २. सर्जरी वॉर्डात पोटदुखी म्हणून ठेवलेल्या एका पेशंटपासून दहाहून जास्त कर्मचाऱ्यांना लागण झाली असा त्यांचा अंदाज होता. नंतर एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला ५१६ कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं, सगळे त्या दिवशी कामावर हजर असलेले, लक्षणं नसलेले. एकूण २४.४ टक्के लोकांना आधी इन्फेक्शन होऊन गेलेलं दिसलं. पण हाउसकीपिंगमध्ये ते ३४.५ टक्के आणि आयसीयूत १४.८ टक्के. म्हणजे झाडलोट करणाऱ्यांना आयसीयूवाल्यांच्या दुपटीपेक्षा जास्त. ऑक्सफर्डलाही दहा हजारांच्या आसपास कर्मचारी तपासले, तिथेही सफाईवाले आणि ट्रॉलीवाले १८.६ टक्के आणि आयसीयू ९.९. तुमचे मामा "फक्त ट्रॉली ढकलायला होते" हे वाक्य म्हणूनच मला फार लागलं, ट्रॉलीवाल्याला धोका कमी असतो असं म्हणायला काही आधारच नाही.

असं का होतं? एक म्हणजे साधनं, आयसीयूला एन९५ आणि पूर्ण किट मिळायचं, बाकीच्यांना साधा मास्क. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही, कोरोनाचा पेशंट सगळ्यात जास्त विषाणू सोडतो तो लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते पुढच्या चार-पाच दिवसांत. आयसीयूत जायची वेळ येते साधारण आठव्या-दहाव्या दिवशी, तोवर सोडणं बरंच उतरलेलं असतं. म्हणजे माणूस सगळ्यात जास्त पसरवतो तेव्हा तो कॅज्युअल्टीच्या बाकावर बसलेला असतो, नातेवाईकांसकट. याचा अर्थ आयसीयू सुरक्षित असा नाही, नळी घालणं, सक्शन, नाकावरचा मास्क लावून दिलेला दाबाचा ऑक्सिजन यात धोका भरपूर आहे, पण तिथे आपण तयारीत असतो.

तिसरं म्हणजे हवा. सुरुवातीला सगळा भर हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर होता, नंतर कळलं की बंद खोलीतली हवा हीच मुख्य गोष्ट आहे. जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांची उंच छतं आणि समोरासमोरच्या खिडक्या याबाबतीत बऱ्या. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवून थंड करतो, त्यामुळे खासगीतल्या चकाचक खोलीतली हवा जास्त कोंडलेली असू शकते. खोलीला खिडकी असेल तर उघडी ठेवायला सांगा, नसेल तर एक्झॉस्ट फॅन चालू आहे का बघा.

मास्कबद्दल. साधा निळा मास्क समोरच्याला वाचवतो, घालणाऱ्याला थोडंच, कारण बाजूने हवा आत येते. एन९५ चेहऱ्याला चिकटून बसला तरच उपयोगाचा. दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा गेली तर नाकावरची पट्टी परत दाबायची. व्हॉल्व्हवाला घेऊ नका. धुवायचा नाही, सॅनिटायझर मारायचा नाही, त्यातला विद्युतभार जातो आणि मग तो नुसतं कापड उरतो. पाच मास्क आणि पाच कागदी पिशव्या, रोज एक, सहाव्या दिवशी पुन्हा पहिला, टंचाईच्या काळात हेच केलं होतं आम्ही. ओला झाला, सैल झाला किंवा डाग पडला की पिवळ्या पिशवीत.

शुगरचं सगळ्यात महत्त्वाचं. शुगरमुळे लागण होण्यापेक्षा झाल्यावर आजार वाढायचा धोका जास्त. कामाला लागायच्या आधी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि वर असेल तर डॉक्टरांना दाखवून आटोक्यात आणा, हे तुमच्या हातात आहे.

साधासरळ

हे सगळं २०२० चं झालं. आता कोरोना म्हणजे सर्दी-पडसं, कोणाला काय होतंय? उगाच घाबरवू नका त्यांना.

पीएसएम_रेसिडेंट

तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. लस आणि आधी होऊन गेलेली इन्फेक्शन्स यामुळे बहुतेकांना आता सौम्यच होतो. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्वतःच्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा हिशोब मांडला होता, त्यात दोन डोस झालेल्यांना इन्फेक्शनपासून ६५ टक्के संरक्षण दिसलं पण ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि आयसीयूपासून ९४ टक्के. लसीने लागण पूर्ण थांबवली नाही, मरण थांबवलं. पण म्हणून ५२ वर्षांच्या, शुगर असलेल्या बाईंनी रोज आठ तास कॅज्युअल्टीत साध्या मास्कवर काढावेत असं मी म्हणणार नाही. आणि विषय फक्त कोरोनाचा नाहीये. तोच वॉर्ड, तीच बंद हवा, तिथे टीबीचा पेशंट निदान होण्याआधी आठवडाभर खोकत पडलेला असतो. माझ्याच बॅचमधल्या एकाला टीबी झाला, सहा महिने औषधं घेतली. जो मास्क कोरोनाला चालतो तोच टीबीला, तोच फ्लूला.

ट्रॉलीमामा

मी वॉर्डबॉय आहे १२ वर्षं, लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा. वरच्या डॉक्टरसाहेबांनी ट्रॉलीचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कोणीतरी आमचं मोजलं.

पहिल्या लाटेत आम्हाला एक किट दिवसाला मिळायचं आणि जेवायला काढलं की परत तेच घाला म्हणायचे. डेड बॉडी पॅक करायचं काम आमचंच, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर हायपो मारायचा, नातेवाईक लांबून बघायचे, एक पोरगा होता तो म्हणाला मामा एकदा तोंड दाखवा, मी दाखवलं, नियमात नव्हतं पण दाखवलं. त्या रात्री घरी गेलो नाही, पार्किंगमध्ये झोपलो, घरी पोरगी सहा महिन्यांची होती. आठ दिवसांनी पॉझिटिव्ह आलो. कुठनं झालं कोण सांगणार, बॉडीपासून का लिफ्टपासून का बरोबरच्या माणसापासून. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या गोळ्याही दिल्या होत्या, पहिल्या दिवशी दोन वेळा मग आठवड्याला एक, घेतल्या सगळ्यांनी. नंतर कळलं त्याचा काही उपयोग नव्हता, पण तेव्हा गोळी घेतली की वाटायचं आता काय होत नाही आणि मास्क खाली यायचा, तेच वाईट झालं.

धोक्याचा भत्ता पर्मनंटवाल्यांना मिळाला, आम्हाला देतो म्हणाले, दिला नाही. वस्तीत टाळ्या-थाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या महिन्यात घरमालकाने खोली खाली करायला सांगितली.

भाऊ, आईला एक सांगा. मास्क मागायला लाजायचं नाही. आम्ही लाजायचो, वाटायचं कामावरून काढतील. एकट्यानं मागू नका, चार मावशी मिळून इन्चार्ज सिस्टरकडे जा. सुपरवायझरकडे जाऊ नका, त्याला स्टॉक वाचवायचा असतो. सिस्टरला वॉर्ड चालवायचा असतो, मावशी आजारी पडली तर तिची पंचाईत होते, ती देते.

कामगारमित्र_पुणे

कागदांबद्दल मी सांगतो, कामगार कोर्टात बरीच वर्षं आहे. जरा लांब होईल.

तुमच्या मामांच्या वेळी केंद्राची ५० लाखांची विमा योजना होती, ३० मार्च २०२० पासून, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. तिच्यात कंत्राटी, रोजंदारी, आशा, सफाईवाले सगळे बसत होते, खासगी हॉस्पिटलचेसुद्धा, पण ज्याला कोविडच्या कामासाठी घेतलं होतं असं संस्थेने लिहून द्यायचं होतं, आणि नेमकं तिथेच लोकांचं अडलं. ती योजना त्या काळापुरती होती, आता आईंसाठी तिच्यावर विसंबून चालणार नाही.

पण एक कायदा कोरोनाच्या कितीतरी आधीपासून होता आणि तो फार कमी लोकांना माहीत असायचा. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण मामांच्या वेळी तोच लागू होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे आणि भाग अ मधली पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची आहे, त्यात आरोग्यसेवेतलं आणि प्रयोगशाळेतलं काम स्पष्ट लिहिलंय. भाग अ मधला आजार त्या कामात असताना झाला तर तो कामावरचा अपघातच धरायचा, कामामुळे झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. वॉर्डबॉयने कुठल्या पेशंटपासून झालं ते शोधून दाखवायचं नसतं! आणि माणूस कंत्राटदाराचा असला तरी ज्याच्या आवारात, ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. त्या कायद्यात दावा दोन वर्षांत करायचा असायचा, पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकायचा. मामींचं मागचं प्रकरण आहे, तरी जवळच्या कामगार वकिलाला एकदा कागद दाखवाच, मी इथून आशा लावत नाही पण न विचारता सोडू नका.

पगार महिना २१,००० च्या आत असेल आणि हॉस्पिटल किंवा कंत्राटदार ईएसआयमध्ये (राज्य कामगार विमा) असेल तर भरपाई त्या कायद्याने नाही, ईएसआयकडून मिळते. आजारपणाची रजा, उपचार, आणि माणूस गेला तर घरच्यांना पेन्शन. पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. पहिल्या पगाराच्या स्लिपवर ती कपात आहे का बघा, आणि कपात असेल तर विमा नंबर मागा. बरेच कंत्राटदार कापतात आणि भरत नाहीत.

आता जपायचं काय. नेमणुकीचं पत्र देत नसतील तर गेटपास किंवा ओळखपत्राचा फोटो. ड्युटी लिस्ट वॉर्डात भिंतीवर लागते, दर आठवड्याला तिचा फोटो, नाव आणि वॉर्ड दिसेल असा. हजेरीचं पान. पगार बँकेतच घ्या, रोख नको, बँकेतली नोंद कोणी पुसू शकत नाही. आजारी पडल्या तर सुपरवायझरला फोन करून भागवू नका, मेसेज करा, "अमुक तारखेपासून ताप आहे, अमुक वॉर्डात ड्युटी होती" असं, आणि टेस्टचा रिपोर्ट त्याच दिवशी पाठवा. मामांकडे यातलं नेमकं काहीच नव्हतं, आणि हॉस्पिटलने त्याचाच फायदा घेतला.

रात्रपाळी

कामगारमित्र, हे तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या सगळ्या मावशींच्या ग्रुपवर टाकतेय. एवढी वर्षं नोकरी करून मला स्वतःला हा १९२३ चा कायदा माहीत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता की मे २०२१ पर्यंत जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने गेले असतील. मला हा आकडा वाचला की नेहमी वाटतं, एवढी मोठी तफावत का, तर यांच्यासारखे ट्रॉलीवाले मामा कोणी नीट लिहूनच घेतले नाहीत म्हणून.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, दोन दिवस याच धावपळीत होतो.

ट्रॉलीमामांनी सांगितलं तसं केलं. आई आणि तिच्याबरोबर लागलेल्या तीन मावशी इन्चार्ज सिस्टरकडे गेल्या. सिस्टरने आधी स्टॉक नाही सांगितलं, मग आईने विचारलं की कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचा रिपोर्ट कधी येतो, तर सिस्टर गप्प झाल्या आणि चौघींना पाच-पाच मास्क काढून दिले, सही घेऊन. पुढचे मिळतील का माहीत नाही, नाही मिळाले तर मी विकत आणून देणार. शुगरचा एचबीए१सी रिपोर्ट ८.९ आला, डॉक्टरांनी गोळी वाढवलीय आणि महिन्याने परत बोलावलंय.

बुस्टर राहिला होता तिचा, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले फ्लूची लस तरी नक्की घ्या, ती काल घेतली.

मामीला फोन केला. कायद्याचं सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली मामाच्या पाकिटात हॉस्पिटलच्या लिफ्टचा पास आहे, तारीख टाकलेला, तो मी टाकला नाही. सोमवारी तो घेऊन आम्ही वकिलाकडे चाललोय.

आईची उद्या सकाळी आठची ड्युटी आहे. ड्युटी लिस्टचा फोटो कसा काढायचा ते मोबाइलवर शिकवलंय, कॅलेंडरचा काढून दाखवला तिने दोनदा, दुसऱ्यांदा स्पष्ट आला.